कीर्तनाला प्रश्न घेऊन जाताना: नव्या श्रोत्यांसाठी

मन सैरभैर झालं की घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, "जरा कीर्तनाला जाऊन बस, बरं वाटेल." बरं वाटतंही. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीच उलघाल परत येते, आणि माणूस ठरवून टाकतो की हे आपल्यासाठी नाही. कीर्तन-प्रवचनातून शांती मिळते आणि स्वतःच्या प्रश्नाची वाटही सापडते, पण त्यासाठी श्रोत्यालाही काम करावं लागतं. आपल्याकडे श्रवणाला नवविधा भक्तीत पहिलं स्थान दिलंय ते उगाच नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन, म्हणजे ऐकणं, त्यावर विचार करणं आणि ते सतत मनात धरून ठेवणं, हा क्रमही जुनाच आहे. बहुतेक जण पहिल्या पायरीवर बसतात, ऐकतात आणि उठून घरी जातात. हा लेख तिन्ही पायऱ्या कशा चढायच्या याबद्दल आहे.

निघण्याआधी: प्रश्न एका वाक्यात लिहा

वही किंवा साधा कागद घ्या आणि आज मनाला काय टोचतंय ते एका वाक्यात लिहा. सगळ्यात जास्त लोक इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चालेल असा प्रश्न ओळखायचा कसा? त्यात "मी" असतो, त्याचं उत्तर येत्या आठवड्यात करून बघता येतं, आणि तो भविष्य विचारत नाही. "मुलाचं लग्न कधी जमेल?" हा प्रश्न कीर्तनात सुटणार नाही. तोच प्रश्न असा लिहा: "लग्न जमत नाही म्हणून मी त्याच्याशी रोज तुसडेपणाने बोलते, ते थांबवू कसं?" दुसरं उदाहरण घ्या. "भावाने बांध कोरला, त्याला त्याची शिक्षा मिळेल का?" यात सगळं लक्ष भावावर आहे. "बांधाचा निकाल लागेपर्यंत हा राग डोक्यात घेऊन मी कसा जगू?" हा ऐकायला नेण्याजोगा प्रश्न झाला. बांधाची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयातच होणार आहे. कीर्तनातून हवं आहे ते रागाचं उत्तर. हे दोन धागे घरीच वेगळे केले नाहीत, तर महाराजांच्या प्रत्येक वाक्यात तुम्हाला भाऊच दिसत राहील.

एका वेळी एकच प्रश्न न्या. चार नेलेत तर चारही तसेच परत येतील. काहीच विचारायचं नसेल, फक्त थकवा उतरवायचा असेल, तर कागदावर "आज प्रश्न नाही" एवढंच लिहा आणि जा. तेही चांगलं कारण आहे.

कुठे आणि काय ऐकायचं

प्रवचनात वक्ता बसून बोलतो. एखादी ओवी किंवा श्लोक धरून साधारण तासभर विवेचन चालतं, संगीत नसतं किंवा अगदी थोडं असतं. वारकरी कीर्तनात कीर्तनकार उभे असतात, मागे टाळकरी, बाजूला मृदंग, वीणेकरी. एक अभंग घेऊन दोनेक तास निरूपण चालतं. नारदीय कीर्तनाचे दोन भाग: पूर्वरंगात एखाद्या पदावर तत्त्वविचार, मध्ये नामस्मरण, आणि उत्तररंगात त्याच विचाराचं आख्यान, म्हणजे गोष्ट. साथीला पेटी आणि तबला.

आमचं मत स्पष्ट आहे. शांती हवी असेल तर वारकरी कीर्तनाने सुरुवात करा, कारण गजर, म्हणजे तालावरचा नामघोष, आणि टाळ मनाला आधी स्थिर करतात. ठरावीक प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर एकाच वक्त्याची सलग प्रवचनं गाठा, कारण तिथे एक विचार रोज पुढे सरकतो. ज्यांना नुसतं तत्त्व पचत नाही, गोष्ट लागते, त्यांना नारदीय कीर्तन मानवतं. पुण्यात सदाशिव पेठेतलं नारद मंदिर त्यासाठी जुनं आणि परिचित ठिकाण आहे.

नव्या माणसाला सगळ्यात सोयीचा म्हणजे गावातला किंवा वस्तीतला अखंड हरिनाम सप्ताह. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन किंवा गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन, असा साधारण क्रम असतो. वेळा गावागणिक बदलतात, त्यासाठी देवळाबाहेर लागलेलं पत्रक वाचा. कीर्तनकार रोज वेगळे असतात, त्यामुळे सात दिवसांत सात शैली कानावर पडतात आणि आपल्याला कुणाचं बोलणं भिडतं ते कळतं. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन असतं. त्यात कृष्णाच्या बाललीला, मग दहीहंडी आणि महाप्रसाद. तो आनंदाचा दिवस आहे, गर्दीही खूप असते. प्रश्न घेऊन जायचं असेल तर मधले दिवस बरे.

दशक्रियेच्या प्रवचनाबद्दल एक सांगायला हवं. घाटावर वेळ थोडा असतो, लोक मध्येच श्रद्धांजलीपर बोलतात, आणि दुःख ताजं असतं. तिथे ऐकलेल्या एखाद्या वाक्यावर घर, जमीन, नोकरी यांचे निर्णय घेऊ नका. तेच वाक्य वहीत लिहून ठेवा आणि महिन्याभराने परत वाचा.

तिथे पोचल्यावर

वीस मिनिटं आधी पोचा. पोटभर जेवून गेलात तर अर्ध्या तासात पेंग येते, म्हणून हलकं खा आणि जेवण नंतर ठेवा. गुडघे दुखत असतील तर कडेला खुर्ची मागून घ्या. जमिनीवर अवघडून बसलेल्या माणसाचं निम्मं लक्ष पायांकडे असतं. कर्ण्याच्या अगदी समोर बसू नका, टाळांचा आवाज तिथे कानठळ्या बसवतो. कीर्तनकारांचा चेहरा आणि हात दिसतील अशी मधली जागा बघा. उशीर झाला तर मागेच टेका, कीर्तनकार आणि टाळकऱ्यांच्या मधून जाऊ नका. फोन बंद करून खिशात. ध्वनिमुद्रण करायचा मोह टाळा. "नंतर ऐकू" म्हटलं की आत्ताचं ऐकणं सैल पडतं, आणि ते नंतरही कुणी ऐकत नाही.

सुरुवातीला गजर होतो. या वेळी प्रश्न विसरा. टाळ्या तालावर वाजवा, नाव मोठ्याने घ्या, आवाज बेसूर असला तरी घ्या. गाताना श्वास आपोआप लांबतो आणि छाती मोकळी होते; नुसते ओठ हलवून तो परिणाम मिळत नाही. लाजून गप्प बसलेला नवा श्रोता पुढचे दोन तास बाहेरच राहतो, हे हमखास दिसतं.

मग निरूपणाचा अभंग म्हटला जातो. त्याचं पहिलं चरण लगेच वहीत लिहून घ्या. नंतर आठवू म्हणाल तर आठवत नाही, आणि पुढचं सगळं काम या एका ओळीवर अवलंबून आहे.

ऐकताना तीन थर वेगळे करा

कीर्तनात बोललं जाणारं सगळं एकाच तोलाचं नसतं. सरावलेले श्रोते नकळत तीन थर वेगळे करतात. नव्यांनी ते जाणीवपूर्वक करावं.

पहिला थर प्रमाणाचा: संतांचा अभंग, ज्ञानेश्वरीतली ओवी, गीतेतला श्लोक. कीर्तनकार प्रमाण देतात तेव्हा टाळकरी ते चालीवर उचलतात, त्यामुळे ओळखणं सोपं जातं. दुसरा थर दृष्टांताचा: मुद्दा समजावा म्हणून सांगितलेली गोष्ट. दृष्टांत खरा घडलाच असेल असं नाही आणि त्याची गरजही नसते. तिसरा थर वक्त्याच्या स्वतःच्या मताचा: हल्लीची मुलं, सुनांचं वागणं, मोबाईल, राजकारण. वहीच्या समासात "प्र", "दृ", "म" अशी अक्षरं टाकली तरी पुरतं.

हे का करायचं? कारण आपल्या मनाला सगळ्यात जोरात लागतो तो दृष्टांत, आणि सगळ्यात सहज पटतं ते आपल्या मताशी जुळणारं मत. आधार मात्र प्रमाणाचाच असतो. सासूशी पटत नाही म्हणून कीर्तनाला आलेल्या सुनेला महाराजांनी सुनांवर मारलेला शेरा लागतो, ती दुखावून घरी जाते, आणि त्या दिवसाच्या अभंगात तिच्या कामाचं जे होतं ते निसटून जातं. शेऱ्यापुढे "म" लिहा आणि पुढे ऐका. शेरेच जास्त आणि प्रमाण कमी असं सलग दोन कीर्तनांत दिसलं, तर त्या वक्त्याकडे परत जायची गरज नाही. हसवणूक भरपूर आणि अभंग कुठेतरी हरवलेला, अशी कीर्तनं आज कमी नाहीत. तिथे वेळ छान जातो, प्रश्न मात्र जागचा हलत नाही.

ऐकताना आणखी एक चकवा लागतो: "हे अमक्याने ऐकायला हवं होतं." हा विचार आला की समजा, कान दुसऱ्याच्या घरात गेले. लगेच वहीतलं आपलं वाक्य बघा.

एक अभंग जवळून बघू. तुकोबांचा "मन करा रे प्रसन्न" बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. प्रसन्न मनाला सगळ्या सिद्धींचं कारण म्हणून तो सुरू होतो, मनालाच गुरू आणि शिष्य दोन्ही ठरवतो, गती आणि अधोगती दोन्ही मनाच्याच पदरात टाकतो, आणि शेवटी साधक, वाचक, पंडित, श्रोते, वक्ते अशा सगळ्यांना बोलावून सांगतो की याच्याशिवाय दुसरं दैवत नाही. बांधाचा राग घेऊन आलेल्या माणसाने हे कसं ऐकायचं? "मन प्रसन्न ठेवा" एवढंच उचललं तर ते भिंतीवरच्या सुविचारासारखं होतं. त्याने थांबायचं ते गुरू-शिष्याच्या जागी. आपलं मन रोज सकाळी आपल्याला काय शिकवतंय? बहुधा भावाने काय काय केलं याची उजळणी. म्हणजे गुरू चुकीचा धडा देतोय आणि शिष्य मान डोलावतोय. इथे त्याच्या हाती करण्यासारखं काही लागलं: सकाळची ती उजळणी सुरू झाली की तिला तिथेच अडवायचं. भाऊ बरोबर की चूक, हा निकाल अभंगाने दिलाच नाही, आणि तो तिथे शोधूही नये.

त्या रात्री आणि पुढचे सात दिवस

आरती आणि पसायदान झाल्याशिवाय उठू नका. घरी जाताना शक्य असेल तर पहिली दहा मिनिटं गप्प राहा. लोक मंडपातून बाहेर पडताच कीर्तनकारांच्या आवाजाची, पेहरावाची, मानधनाची चर्चा सुरू करतात, आणि गजराने बसलेलं मन पुन्हा ढवळून निघतं.

झोपण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: अभंगाचं पहिलं चरण, आणि त्यातून तुमच्या प्रश्नासाठी निघालेली एक कृती. कृती इतकी लहान असावी की ती उद्या करता येईल. "राग सोडायचा" ही कृती नव्हे. "सकाळच्या चहाला भावाचा विषय काढायचा नाही" ही कृती आहे.

दुसऱ्या दिवशी तो अभंग पूर्ण वाचा. तुकोबांचा असेल तर गाथेत सापडेल. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, म्हणून पाठीमागची अकारविल्हे, म्हणजे मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेली, सूची वापरा. पहिलं चरण लिहून ठेवायचं ते यासाठी. कीर्तनकार वेळेअभावी एखाद्या चरणावर धावतं बोलतात, आणि तुमचं उत्तर नेमकं त्याच चरणात असू शकतं. मग सात दिवस रोज पाच मिनिटं तो अभंग म्हणा आणि ती एकच कृती करा. रात्री वहीत "जमलं" किंवा "नाही" एवढंच लिहा. मनन आणि निदिध्यासन म्हणजे घरच्या घरी हेच.

आठवड्याच्या शेवटी बहुतेकदा असं होतं की मूळ प्रश्न थोडा बदललेला असतो. बदललेला प्रश्न नव्याने लिहा. सातही दिवस "नाही" आलं असेल तर कृती मोठी होती, ती निम्मी करा. वक्ता किंवा अभंग बदलायची घाई नको. मोबाईलवर रोज दहा महाराजांचे तुकडे ऐकणाऱ्याला काहीच का लागू पडत नाही, याचं कारण इथेच आहे. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात प्रमाण कापलेलं असतं, दृष्टांत उरतो, आणि तो पचायच्या आत पुढचा येतो.

प्रत्यक्ष विचारायचं असेल तर

प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याच्या मार्गात नमस्कार आणि सेवेबरोबर परिप्रश्नही सांगितला आहे, म्हणजे नीट, मुळाशी जाऊन विचारणं. पण जागा आणि वेळ बघा. आरतीनंतर पाया पडायला रांग लागते, तिथे कुणालाच धड बोलता येत नाही. सप्ताह समितीतल्या कुणाला तरी "महाराजांशी पाच मिनिटं बोलायचं आहे" असं आधी सांगून ठेवा. महाराजांचा मुक्काम गावात असेल तर सकाळची वेळ मिळते. पुढच्या गावी निघायचं असेल तर आग्रह धरू नका.

बोलताना घरचा सगळा इतिहास नको. "महाराज, काल आपण अमुक चरण सांगितलंत. माझी अशी अडचण आहे. त्या चरणाप्रमाणे मी काय करावं?" तीन वाक्यं पुरेत. अभंगाला धरून विचारलं की उत्तरही अभंगाला धरून येतं. नुसतं "महाराज, मन लागत नाही" म्हणालात तर "नाम घ्या" एवढंच मिळेल. चूक त्यात कुणाचीच नाही. स्त्रियांना घरातली गोष्ट पुरुषासमोर बोलणं अवघड वाटत असेल तर महिला कीर्तनकार आता बऱ्याच आहेत, त्यांच्याकडे मन मोकळं करा. पुरुष कीर्तनकारांना भेटायचं असेल तर सोबत घरचं कुणी असू द्या.

आरतीच्या ताटात काही टाकणं ऐच्छिक आहे. कीर्तनकारांचं मानधन आयोजक देतात, उत्तरासाठी श्रोत्याने पैसे द्यायची पद्धत नाही.

कुठे थांबायचं

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात, म्हणजे पाचव्या भागात, गुरूची आणि शिष्याची लक्षणं दोन वेगळ्या समासांत, म्हणजे प्रकरणांत, दिली आहेत. गुरुलक्षणाचा समास सुरूच होतो तो करामती दाखवणाऱ्यांना बाजूला काढून: तेही गुरू म्हणवले जातात, पण मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत. कुणाला आपला मार्गदर्शक मानण्याआधी हे दोन समास वाचाच, अर्ध्या तासाचं काम आहे.

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली तरी उठून या: उपायासाठी रक्कम सांगितली, चालू औषध बंद करायला लावलं, एकटं बोलावलं, "घरी सांगू नकोस" म्हटलं, किंवा अंगात येणं, करणी, गुप्तधन असं काही काढलं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. कीर्तन, प्रवचन, भजन, वारी यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, त्यामुळे तक्रार केली तर धर्माविरुद्ध जातोय असं वाटायचं कारण नाही. ती पोलीस ठाण्यात करायची.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, अशी अवस्था असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, कोणत्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येतं. कीर्तन सोबत चालू ठेवा. नामस्मरण आणि औषध यांत भांडण नाही.

दोन महाराज दोन गोष्टी सांगतात तेव्हा

चार-सहा कीर्तनं झाली की हे होणारच. एक जण म्हणतात प्रपंचातून मन काढा, दुसरे म्हणतात प्रपंच नेटका करा. नवा श्रोता गोंधळतो आणि दोघांनाही सोडून देतो. आधी दोघांची प्रमाणं शेजारी लिहा. बहुतेक वेळा दिसतं की एक अभंग आसक्तीबद्दल आहे आणि दुसरा आळसाबद्दल. वैराग्याचा उपदेश जो घरात आकंठ बुडालाय त्याच्यासाठी. जबाबदारी टाळणाऱ्याने तो स्वतःला लावून घेतला तर नुकसानच होतं. म्हणून दोन्हींपुढे एक प्रश्न ठेवा: यातलं माझ्या दुखण्याला लागू कुठलं? आणि जे उत्तर करायला अवघड, पण ज्याने घरातल्या कुणाला इजा होत नाही, ते सात दिवस आधी करून बघा. दुसरं वहीत राहू द्या, त्याची पाळी पुढच्या आठवड्यात.